प्लेटिंगच्या सांडपाण्याला नुसता चुना पुरतो का?

तुम्ही विचारलंय, नागपूरजवळ हिंगण्यात धातूचा मुलामा चढवणारं छोटं प्लेटिंग युनिट आहे, क्रोम आणि निकेलच्या पाण्याला आरओ (पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र) लावू की चुन्यावर भागेल? या 'चुन्यावर भागेल'पायीच मी नोकरी सोडली, म्हणून लिहायला बसलो.

इकडच्याच एका प्लेटिंग शॉपचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, मी सांभाळायचो. क्रोम चढवलेले भाग धुतल्याचं (रिंसिंगचं) पाणी पिवळंधमक यायचं. शेठ म्हणायचे, चुना वाढव. पोती रिकामी केली, स्लज (गाळ) बसायचा, वरचं पाणी पिवळंच. हेक्साव्हॅलंट क्रोम (पिवळं, जास्त विषारी रूप) चुन्याने बसतच नाही, आधी त्याचं ट्रायव्हॅलंट (गाळ होऊन बसणारं रूप) करावं लागतं. एका रात्रपाळीत बादलीभर पाणी घेतलं, सल्फ्युरिकने पीएच अडीचवर आणला आणि चमच्याचमच्याने मेटाबायसल्फाइट (हा बदल घडवणारं रसायन) टाकलं. नाकात झणझणलं, ठसका लागला, अन् बघता बघता पिवळ्याचं हिरवं झालं. मग चुन्याने पीएच साडेआठवर. हिरवट, कापसासारखा गाळ हळूहळू तळाला गेला, वर नितळ पाणी.

सकाळी दाखवलं तर शेठ म्हणाले, "बायसल्फाइटचा खर्च कोण देऊन राहिला? बोअरचं पाणी मिसळ, रंग जाते."

रंग जातो, क्रोम तेवढंच राहतं. नदीनाल्यात सोडताना हेक्साव्हॅलंटची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, ती पाणी ओतून गाठायची नसते.

तुम्ही आधी क्रोमची आणि निकेलची लाइन वेगळी करा. निकेलला बसायला पीएच दहाच्या आसपास लागतो, तिथे क्रोमचा गाळ परत विरघळायला लागतो. आरओ धातू संपवत नाही, रिजेक्टमध्ये, म्हणजे मागे उरणाऱ्या पाण्यात, घट्ट करून तुमच्याच गळ्यात मारतो. स्लज घातक कचरा आहे, तो बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रातच जायला हवा, भरावात नाही.

हो, निकेलच्या बाथमध्ये (मुलाम्याच्या द्रावणात) अमोनिया असेल तर निकेल चुन्याने नीट बसणार नाही. आणि सायनाइडची लाइन असेल तर ते पाणी अ‍ॅसिडच्या टाकीत चुकूनही जाऊ देऊ नका, जो वायू निघतो त्याने माणूस मरतो.

सोडण्याआधी नमुन्यात थोडं अ‍ॅसिड आणि डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब टाकून बघा. जांभळं झालं तर हेक्साव्हॅलंट शिल्लक आहे. बोअरचं पाणी मिसळलेल्या टाकीतला नमुना मी असाच तपासला होता. दिसायला स्वच्छ, थेंब पडताच जांभळा. ती नळी शेठच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी राजीनामा.