आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा जपानला जाताना रीतिरिवाज आणि प्रवास कसा सांभाळावा?

उतरल्यावर आधी सर्वांसाठी एकेक सुइका किंवा इकोका, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या. टोकियो असो वा क्योटो, मेट्रो, बस, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानातही ते चालतं. क्योटोच्या बहुतेक सिटी बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढे पैसे द्यायचे. शहरातल्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात आणि टॅक्सी फार महाग पडते, तेव्हा रात्रीचं वेळापत्रक आधीच बघून ठेवा. शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओसाकाकडे जाणार असाल आणि बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेंमीपेक्षा जास्त भरत असेल, तर मोठ्या बॅगेसाठी जागा असलेली खास सीट आगाऊ आरक्षित करावी लागते.

गाडीत फोनवर बोलू नका. घरी व्हिडिओ कॉल करायचा तर स्टेशनवर उतरून करा, हे आई-बाबांना निघण्याआधीच सांगा. टिप द्यायची नसते. चपला बाहेर काढायची सवय आपल्याला आहेच, फक्त तातामी चटईवर आतल्या सपाताही चालत नाहीत. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका, ती अंत्यविधीची रीत आहे.

खरी कसोटी शाकाहाराची. नुसत्या भाज्यांचं दिसणारं सूपही बहुधा माशाच्या दाशीत, म्हणजे मासे उकळून काढलेल्या अर्कात, केलेलं असतं. ‘मांस, मासे, दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. क्योटोत देवळांजवळ शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. महाग आहे, पण आई-बाबांना एकदा तरी नक्की खाऊ घाला.