40 टक्के आणि आठ शनिवार

व्हर्जिनियातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. "ताई, बाबांना जाऊन आठ महिने झाले. आई आता आमच्याकडे असते. न्यू जर्सीत एडिसनचं घर 38 वर्षांच्या सामानासकट तसंच आहे. मी सगळ्याची एक्सेलमध्ये यादी केली, 214 ओळी झाल्या. किंमत 9 हजार डॉलरच्या घरात जाते. लिलाववाला 40 टक्के मागतोय. फुकटचे 3,600 त्याच्या घशात का घालायचे? दर शनिवारी जाऊन मी स्वतःच विकलं तर?"

यादी उत्तम. पण तिच्यात एक रकाना राहिलाय, तुमच्या शनिवारांचा. मला येणाऱ्या दर तिसऱ्या पत्रात तो राहिलेला असतो. दोन सुटकेसा घेऊन आलेली माणसं आपण. दुसऱ्याला द्यायचा डॉलर आपल्याला लगेच दिसतो, स्वतःचा जाणारा दिवस दिसत नाही.

आमच्या घरी हा प्रयोग होऊन गेलाय. 1994 साली 1,800 डॉलरला घेतलेलं ओकचं डायनिंग टेबल ह्यांनी फेसबुक मार्केटप्लेसवर 900 ला टाकलं. "अजून आहे का?" विचारणारे ढीगभर, येतो म्हणून न आलेले नऊ. (ह्यांनी वहीत टिपून ठेवलेत.) नवव्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं, 60 डॉलर टेकवले आणि खुर्च्या नकोत म्हणालं. टेबल ह्यांनीच त्यांच्या व्हॅनमध्ये चढवलं. पाठ धरली, आणि फिजिओथेरपीवाल्याकडे 60 डॉलर दुसऱ्या खेपेलाच संपले.

तेव्हा तुमचे 9 हजार आधी खाली आणा. ते घेतलेल्या किमतीवरून काढलेत, हे मी न बघता सांगते. गडद लाकडाच्या जड फर्निचरचा भाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पार बसलाय. आपल्याच मुलांना ते नकोय. 4,500 धरा. त्याचे 40 टक्के म्हणजे 1,800. आता दुसरी बाजू. न्यू जर्सीची घरपट्टी अमेरिकेत सगळ्यात जास्त, सरासरी वर्षाला 10 हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे तुमच्या आठ शनिवारांपायी घर दोन महिने अडलं की 1,600 च्या वर तिथेच गेले. शिवाय आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीला जाऊन-येऊन आठ तास, पेट्रोल, टोल. वाचवलं काय?

पण तो माणूस नेमकं काय करणार आहे, ते विचारलंत का? लिलाववाला वस्तूंवर बोली लावतो, बहुतेकदा ऑनलाइन, आणि किमान किंमत ठरवली नसेल तर पाच डॉलरलाही वस्तू जाते. खरेदीदाराकडूनही तो वर 20-25 टक्के घेतो. ते आपल्या खिशातून जात नाहीत असं वाटतं, पण घेणारा ते मनात धरूनच बोली कमी लावतो. इस्टेट सेलवाला तुमच्याच घरात चिठ्ठ्या लावून दोन-तीन दिवस विकतो, शेवटच्या दिवशी सहसा अर्ध्या किमतीत. भरल्या घराला दुसरा बरा. लिलावाला चार वेगळ्या चिजाच द्याव्यात: जुनं घड्याळ, नाणी, सही असलेलं चित्र. कुणाकडेही गेलात तरी फोटो, वाहतूक आणि साफसफाईचे पैसे वेगळे का, न विकलेलं कोण उचलणार आणि चेक किती दिवसांत मिळणार, हे कागदावर घ्या.

एक मात्र त्याच्यावर सोडू नका. माझ्या जाऊबाईंच्या घराचा सेल असाच झाला, रविवारी संध्याकाळी घर मोकळं. फक्त सासूबाईंनी सांगलीहून आणलेल्या तांब्याच्या घंगाळाला सेलवाल्यांकडच्या मुलीने "कुंडी, 12 डॉलर" अशी चिठ्ठी लावली, आणि ते पहिल्या तासात गेलं. तिचा काय दोष? आम्हीच आधी बाजूला काढायला हवं होतं. देव, समया, पुरणयंत्र, साड्या, बाबांची पत्रं: सेलवाला यायच्या आधी गाडीत.

तुमचे बाकीचे प्रश्न. सोनं या दोन्ही ठिकाणी देऊ नका; आपलं 22 कॅरट म्हणजे 91.6 टक्के शुद्ध, ते एडिसनमधल्याच ओक ट्री रोडवरच्या दोन-तीन सोनारांकडे वजन करून त्या दिवसाच्या भावाने विचारा. कर: घेतल्यापेक्षा कमीत विकलेल्या घरगुती सामानावर फायदाच नाही, म्हणून कर नाही, तोटाही दाखवता येत नाही. "नागपूरची ताई म्हणते, मला न विचारता काही विकू नको." मग विचारा की! व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, तासाभराचं काम आहे. आणि आईंना सेलच्या दिवशी तिथे नेऊ नका. परक्या माणसांना आपली कपाटं उघडताना बघणं त्यांच्याच्याने होणार नाही. तुमच्याच्याने होईल असं तुम्हाला वाटतंय, पण पत्रावरून मला तसं दिसत नाही.

आमच्या त्या सहा खुर्च्या बेसमेंटमध्ये आहेत अजून. हे म्हणतात, थांब, भाव येईल.