खेड्यातला न्यूमोनिया आणि लिजिओनेला

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे शेतकरी असून विडी ओढतात. ताप, कोरडा खोकला आणि जुलाब होते. चार दिवस अमॉक्सिसिलिन घेऊनही उतार पडला नाही आणि काल रात्री ते असंबद्ध बोलू लागले. डॉक्टरांना लिजिओनेला या जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची शंका आहे. हा शहरी एसीचा आजार ना?

उत्तर : प्रथम त्यांना आजच रुग्णालयात दाखल करा. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलातल्या अधिवेशनात ही साथ उद्भवल्यामुळे तसा समज रूढ झाला. परंतु हे जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि तुषारांवाटे फुप्फुसात शिरतात, त्यामुळे उन्हात तापणारी, तळाशी गाळ धरलेली गच्चीवरची टाकीही पुरेशी ठरते. छातीच्या एक्स-रेवरून हा न्यूमोनिया वेगळा ओळखता येत नाही. जुलाब, भ्रम आणि रक्तात घटलेले सोडियम एकत्र दिसले, की संशय बळावतो. मात्र अशीच लक्षणे देणारे लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस हे संसर्गही तपासावेत. लघवीची अँटिजेन चाचणी सोपी असली, तरी ती प्रामुख्याने एकाच उपप्रकाराला पकडते, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी थुंकीची पीसीआर किंवा विशेष कल्चर (जिवाणू वाढवून पाहण्याची) तपासणी करावी. हे जिवाणू पेशींच्या आत दडतात, तेथे अमॉक्सिसिलिनचा उपयोग होत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागते आणि संशय दाट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता ते सुरू करतात. आजारापूर्वीच्या १४ दिवसांत वडील कोठे राहिले, कोठे आंघोळ केली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.