फ्लॅट विकून सगळे पैसे रीटमध्ये टाकू का?

डोंबिवलीतलं एक जोडपं सल्ल्यासाठी आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. काका एकसष्ट वर्षांचे, खासगी कंपनीतून निवृत्त, काकू अठ्ठावन्नच्या. राहतं घर आहेच, शिवाय २००६ मध्ये ९ लाखांना घेतलेला एक वन बीएचके भाड्याने दिलेला. दर ११ महिन्यांनी नवा करार, एजंटची दलाली, पोलीस पडताळणी, खालच्या मजल्यावर गळणारं बाथरूम. यंदा भाडेकरू गेला आणि काकांनी ठरवलं की ३८ लाखांना गिऱ्हाईक आहे, विकून टाकायचा आणि सगळी रक्कम रीटमध्ये, म्हणजे भाड्याच्या मोठ्या इमारती सांभाळणाऱ्या ट्रस्टमध्ये, घालायची. "बसल्या जागी भाडं, कटकट नाही." काकूंना एकच शंका होती: "घ्यायचं शेअर बाजारातच ना? मग बुडणार नाही कशावरून?"

हे दोन्ही सूर आमच्याकडे वारंवार ऐकू येतात.

आधी फ्लॅटचा हिशेब कागदावर मांडला. भाडं ११,००० म्हणजे वर्षाचे १,३२,०००. त्यातून मेंटेनन्स २६,४००, मालमत्ता कर ६,०००, एक महिना घर रिकामं किंवा दलाली ११,००० आणि दुरुस्तीचे १०,००० वजा केले की उरतात ७८,६००. ३८ लाखांवर हे जेमतेम २ टक्के होतात. काकांना हा आकडा पटेना, कारण त्यांच्या डोक्यात महिन्याचे ११,००० पक्के बसले होते. फ्लॅटची किंमत वाढते हे खरं, पण ती वाढ महिन्याच्या खर्चाला उपयोगी पडत नाही. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी पुढे गेली असती, तर आम्ही थांबायला सांगितलं असतं. इथे तसं काही नव्हतं.

आता काकूंचा प्रश्न. रीट म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींचा ट्रस्ट. त्याचे छोटे भाग, म्हणजे युनिट, शेअरसारखे बाजारात विकले जातात. सेबीचे नियम २०१४ चे. पहिलं रीट, एम्बसी, २०१९ मध्ये शेअर बाजारात आलं. त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, मॉलवालं नेक्सस आणि २०२५ मध्ये नॉलेज रिअल्टी. ऐरोलीच्या ज्या माइंडस्पेस पार्कात काकूंची भाची कामाला जाते, तो याच नावाच्या रीटचा भाग आहे आणि सीवूड्स स्टेशनवरचा मॉल नेक्ससचा. हे सांगितल्यावर काकू जरा सैलावल्या. निदान वस्तू डोळ्यांना दिसते.

नियमही कडक आहेत. मालमत्तेचा किमान ८० टक्के भाग पूर्ण झालेल्या, भाडं देणाऱ्या इमारतींत असावा लागतो. वाटपयोग्य रोखीतली किमान ९० टक्के रक्कम वाटावी लागते, तीही सहा महिन्यांतून एकदा तरी. प्रत्यक्षात बहुतेक रीट दर तिमाहीला वाटतात. निव्वळ कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. म्हणून अर्धवट बांधकाम सोडून बिल्डर पळाला, ही भीती इथे फारशी लागू होत नाही.

पण 'बुडणार नाही' याचा अर्थ 'खाली जाणार नाही' असा होत नाही. काकांना हेच सांगायला सगळ्यात जास्त वेळ गेला. एम्बसीचं युनिट २०१९ मध्ये ३०० रुपयांना विकलं गेलं, मध्यंतरी ४०० च्या वर गेलं आणि २०२३ मध्ये पुन्हा ३०० च्या आसपास आलं. भाडं त्या काळातही वाटलं जात होतं. मग भाव का पडला? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. मुदत ठेवीवर चांगलं व्याज मिळू लागलं की ५-६ टक्के देणाऱ्या युनिटसाठी लोक जुना भाव मोजत नाहीत. त्यात घरून काम आणि एसईझेडमधल्या, म्हणजे करसवलतीच्या विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या, रिकाम्या जागा. एसईझेडमध्ये नव्याने येणाऱ्या कंपन्यांची आयकर सवलत २०२० मध्ये संपली, त्यामुळे तिथे येणारे भाडेकरू घटले. मजल्यानुसार जागा एसईझेडमधून मोकळी करायची मुभा डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. मुलीच्या लग्नासाठी दोन वर्षांनी लागणारा पैसा यात घातलेल्याला नेमक्या पडत्या भावात विकावं लागलं असतं. सात-आठ वर्षं हात न लावणाऱ्याला तेवढी झळ नाही. शिवाय ऑफिसच्या करारांत साधारण दर तीन वर्षांनी १५ टक्के भाडेवाढ लिहिलेली असते. ही वाढ मुदत ठेव देत नाही.

काकांच्या मनातला दुसरा गैरसमज करांचा होता. फ्लॅट विकून झालेल्या नफ्यावर सूट हवी तर दुसरं राहतं घर किंवा त्यासाठीचे ठराविक रोखे घ्यावे लागतात. रीट यात बसत नाही, मग त्यात कितीही इमारती असोत. म्हणून विक्रीचा कर आधीच बाजूला काढला. २९ लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्क्यांनी ३,६२,५०० होतात. जुन्या मालमत्तेला महागाई निर्देशांकासह २० टक्के हा पर्यायही मिळतो. २०२५-२६ च्या निर्देशांकाने ९ लाखांची खरेदी साधारण २७.७४ लाख धरली जाते आणि कर सुमारे २.०५ लाख, अधिक ४ टक्के उपकर. हा पर्याय निवडला. दलाली वगैरे जाऊन हातात साधारण ३५ लाख राहतात.

रीटमधून येणारा पैसाही एकजिनसी नसतो. उदाहरण घेऊ: ४०० रुपयांचं युनिट वर्षाला २२ रुपये देतं, म्हणजे ५.५ टक्के. त्यातले ८ रुपये व्याज, ६ लाभांश आणि ८ कर्जफेड, म्हणजे ट्रस्टने आपल्या हाताखालच्या, इमारती असलेल्या कंपनीला दिलेल्या कर्जाची परतफेड. व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं आणि त्यावर १० टक्के टीडीएस कापला जातो. टीडीएस कापू नये म्हणून ठेवीसाठी देतात तो अर्ज (१५एच) इथे चालत नाही, जास्त कापलेलं विवरणपत्र भरून परत मिळवायचं. लाभांश बऱ्याचदा करमुक्त, पण ट्रस्टखालच्या कंपनीने सवलतीचा करदर घेतला असेल तर करपात्र. कर्जफेडीच्या ८ रुपयांवर त्या वर्षी सहसा कर नाही, पण तेवढी खरेदी किंमत घटते. ४०० चे ३९२ झाले. पुढे ४३० ला विकलं तर नफा ३० नव्हे, ३८. वर्षभर ठेवून विकलं तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, त्याआधी विकलं तर २० टक्के. 'कर्जफेड' म्हणजे इमारत विकून पैसे दिले, असंही समजू नका. भाड्याचाच पैसा त्या वाटेने वर येतो.

काकांनी आणलेल्या यादीत सर्वांत जास्त टक्के देणाऱ्या रीटवर खूण केलेली होती. टक्केवारी जास्त दिसण्याचं कारण कधीकधी भाव पडणं हेच असतं. त्यापेक्षा तिमाही सादरीकरणात चार गोष्टी पाहाव्यात: किती टक्के जागा भरलेली आहे, करारांची सरासरी किती वर्षं उरली आहेत, पहिले दहा भाडेकरू मिळून किती भाडं देतात आणि कर्जाचं प्रमाण किती. शिवाय गेल्या आठ-दहा तिमाहींचं प्रति युनिट वितरण वाढतंय की घसरतंय. व्हॉट्सॲपवर आलेली '१२ टक्के भाड्याची हमी' देणारी योजनाही ते विचारत होते. रीटमध्ये परताव्याची हमी नसते. जिथे हमी आहे तिथे ते रीट नव्हे. लहान रकमेच्या इमारतींसाठी एसएम रीट नावाचा वेगळा प्रकार आहे, पण त्यात एका युनिटची किंमत किमान १० लाख. नवख्याने तिकडे वळू नये.

शेवटी ठरलं ते असं. २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ४१,०००. ५ लाख ठेवीत, अडीअडचणीला. उरलेले १० लाख तीन रीटमध्ये, दर दोन महिन्यांनी दोन-दोन लाख करून; त्यातून पुढे तिमाहीला साधारण १३,७५० अपेक्षित. डीमॅट खातं काका-काकूंचं संयुक्त, नॉमिनीसह. २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. मात्र ऑर्डर लिमिटची, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची घालायची, मार्केटची, म्हणजे मिळेल त्या भावाची नाही. काही रीटमध्ये उलाढाल कमी असते आणि भाव चटकन सरकतो. डीमॅटला जोडलेल्या बँकेचा आयएफएससी तपासून घेतला, कारण बँका विलीन झाल्यावर जुन्या कोडमुळे वितरण परत गेल्याच्या तक्रारी नेहमी येतात.

पहिलं वितरण आलं तेव्हा काकांचा फोन. एका ट्रस्टची ४०० युनिट आहेत, प्रत्येकी साडेपाच रुपये जाहीर झाले, म्हणजे २,२०० यायला हवेत, आले १,०६०. नोंदी पाहिल्या. दुसरी २०० युनिट रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे वितरण कुणाकुणाला द्यायचं हे ज्या दिवशीच्या नोंदीवरून ठरतं त्या दिवशी घेतली होती. हक्क हवा तर निदान एक कामकाजाचा दिवस आधी घ्यावी लागतात. राहिली पहिली २०० युनिट, त्यांचे १,१००, आणि त्यातल्या ४०० रुपये व्याजावर ४० टीडीएस. काकूंनी वहीत 'रेकॉर्ड डेट' असा नवा रकाना आखून घेतला.