नुनावुत या कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या प्रदेशाच्या सरकारात कामगार संबंधांचा प्रमुख नेमकं काय करतो? दक्षिण कॅनडातला अनुभव तिथे चालेल का?

चालेल, पण निम्माच. युनियनशी केलेला सामूहिक करार, तक्रार, लवाद ही चौकट ओळखीचीच आहे. बहुतेक कर्मचारी नुनावुत एम्प्लॉइज युनियनकडे, शिक्षकांची संघटना वेगळी. तुमचं काम म्हणजे कराराचा अर्थ लावणं, व्यवस्थापकांना सल्ला देणं, तक्रारींवर उत्तरं देणं आणि वाटाघाटींची तयारी.

खरी गोची भूगोलाची. 25 वस्त्या, त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही. चौकशीसाठी विमान पकडायचं आणि हिमवादळात अडकलं की दिवस गेले. तक्रारीसाठी करारात ठरलेली मुदत मात्र थांबत नाही. म्हणून विमान रद्द होताच युनियनकडून मुदतवाढ लेखी घ्या. फोनवरचं ‘हो’ नंतर कुणालाच आठवत नाही. छोट्या वस्तीत साहेब, साक्षीदार आणि तक्रारदार एकमेकांचे नातलग निघतात, तेव्हा चौकशी अधिकारी बाहेरचाच हवा. जबाब इनुक्टुटमध्ये, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी इनुइटांच्या भाषेत, द्यायचा असेल तर दुभाषीही शक्यतो दुसऱ्या गावचा.

दुसरी गोष्ट घराची. अनेकांचं घर नोकरीला बांधलेलं असतं आणि भाड्याने दुसरं मिळणं महाकठीण. बडतर्फीचं पत्र म्हणजे डोक्यावरचं छप्परही गेलं. साहजिकच प्रकरण लवादापर्यंत ताणलं जाऊ शकतं. आधीच्या लेखी ताकिदी फाइलमध्ये नसतील तर सही करू नका. माणसं सारखी बदलतात, त्यामुळे नेमकी तीच फाइल अर्धवट सापडते!

आणि नुनावुत कराराचं (हा युनियनचा नव्हे, इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यातला जमीनहक्कांचा करार) कलम 23 आधी वाचा. सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाइतकं व्हावं, हे तिथे उद्दिष्ट आहे.