जुलाबानंतर वडिलांना जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) झालाय, प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा द्यावा का?

नका देऊ. जळगावला उपचार चालू आहेत आणि भुसावळचे नातेवाईक काढ्याचा आग्रह धरतायत, असं तुम्ही लिहिलंय. पण इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी, म्हणजे स्वतःच्याच नसांवर लागलीय.

जुलाबाचं एक नेहमीचं कारण असलेल्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूच्या आवरणावरची साखरेची रचना आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड या साखर जोडलेल्या मेदासारखी असते. जंतूसाठी बनलेल्या अँटिबॉडी मग नसांनाच चिकटतात. एरवी नियामक टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशी अशा हल्ल्याला लगाम घालतात. जीबीएसच्या सुरुवातीला बऱ्याच रुग्णांच्या रक्तात त्या कमी आढळल्या आहेत. अशा वेळी प्रतिकारशक्तीला आणखी चेव आणायचा कशाला? शिवाय गुळवेलीनंतर यकृताला ऑटोइम्यून (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या) प्रकारची इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

उपयोग होतो तो आयव्हीआयजीचा, म्हणजे शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटिबॉडींचा (सहसा दर किलो वजनाला रोज ०.४ ग्रॅम, ५ दिवस), किंवा प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग बदलण्याचा. नुसत्या स्टेरॉइडने जीबीएसमध्ये फायदा होत नाही.

तुम्ही एक करा. वडिलांना एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावा. वीसपर्यंतही दम पुरत नसेल, किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर लगेच सिस्टरला सांगा. राउंडची वाट बघू नका.