जुने पितळी मेणबत्ती स्टँड: जोडीतला एक तीन मिलिमीटरने बुटका का?

आधी ते व्हिनेगर ओतून द्या. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही लिहिलंय की पितळी मेणबत्ती स्टँडची जोडी हाती आली. पहिल्याच्या दांड्यावर समोरासमोर दोन उभ्या बारीक रेघा आहेत आणि तो डुगडुगतो. दुसरा घट्ट, जड, खालून नट लावून आवळलेला, आणि 'झिजून' जरा बुटका झालेला. उंची अनुक्रमे २१४ आणि २११ मिलिमीटर. पहिला रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलात तर जागोजागी गुलाबी पडला. आता दोन्ही बफ करून (यंत्रावर घासून चकचकीत करून) लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, मारायचा विचार आहे, आणि त्याआधी वय जाणून घ्यायचंय. शिक्का कुठेच नाही.

माझ्या मते ही जोडी नाहीच. हे बाप-लेक आहेत.

मेणबत्ती स्टँड उंचीत तीन मिलिमीटर झिजत नाही. कडा गुळगुळीत होतात, बुडाची किनार घासते, बस्स. पण जुन्या वस्तूवरूनच वाळूत साचा उठवून दुसरी ओतली, तर पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. २१४ चा दीड टक्का काढा, तीनच्या आसपास येतो. अर्थात एका मापावर विसंबू नका. कॅलिपर घेऊन बुडाचा व्यास, दांड्यावरच्या गाठींची जाडी, मेणबत्ती बसते त्या वाटीचा बाहेरचा घेर, सगळं दोन्हींवर मोजा. सगळीकडे तोच दीड टक्का कमी भरला तर दुसरा पहिल्यावरून किंवा त्याच्या जुळ्यावरून ओतलाय. फक्त उंचीच कमी निघाली तर मात्र तो कधीतरी तुटून कापून पुन्हा बसवलेला असू शकतो. कंगोरेही शेजारी धरून बघा, नकलेत ते साबणाच्या वडीसारखे बोथट होतात.

म्हणूनच घाटावरून वय सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. सतराव्या-अठराव्या शतकातले घाट एकोणिसाव्यात ओतले गेले, विसाव्यातही ओतले गेले. घाट कुणीही उचलतो. जोडणीची पद्धत सहसा कुणी उचलत नाही, कारण ती कटकटीची असते आणि गिऱ्हाईक वस्तू उलटी करून बघत नाही.

तुमच्या पहिल्या स्टँडवरच्या त्या दोन रेघा खऱ्या असतील तर त्याच सगळ्यात मोठा पुरावा. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दांडा दोन अर्ध्या भागांत पोकळ ओतून मग झाळायला, म्हणजे वितळवलेल्या दुसऱ्या धातूने सांधायला, सुरुवात झाली. धातू वाचतो, हे साधं कारण. अठरावं शतक संपता संपता आत गाभा ठेवून अख्खा पोकळ दांडा एकाच ओतीत काढणं जमलं आणि ही रेघ गेली. तेव्हा झाळलेला सांधा म्हणजे ढोबळमानाने अठरावं शतक, थोडं अलीकडे-पलीकडे.

रेघ खरी की कशी हे बघायला दांड्यावर तोंडाची वाफ सोडा. झाळीचा धातू वेगळा असल्यामुळे वाफ विरताना रेघ उठून दिसते. मग टॉर्चने वाटीच्या आत बघा, सांधा तिथेही समोरासमोर उतरलेला दिसायला हवा. साच्याच्या दोन पाळ्या जुळतात तिथेही रेघ पडते, पण ती किंचित फुगीर असते आणि तिचा रंग बाकी पितळेचाच असतो. झाळीची रेघ पृष्ठभागाशी सपाट आणि रंगाने वेगळी. या दोन्हींत गल्लत करून मी नंतरचा एक स्टँड मोठ्या अभिमानाने अठराव्या शतकात नेऊन ठेवला होता, म्हणून एवढं पाल्हाळ.

आता दोन्ही उलटे करा. जुन्या इंग्रजी कामात दांड्याचं शेपूट बुडाच्या भोकातून काढून खालून ठोकून पसरवलेलं सापडतं, रिव्हेटसारखं. तुमचा डुगडुगतोय तो बहुधा तिथेच सैल झाल्यामुळे. दुसऱ्याला आटे आहेत. आटे म्हणजे नवा, असं समीकरण मात्र मांडू नका, आट्यांचे दांडे आधीही होते. बघायचं ते आट्यांचं वळण. हाताने पाडलेले आटे जाडेभरडे आणि कमीजास्त अंतराचे असतात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनियरने प्रमाणित आट्यांची पद्धत मांडली ती १८४१ मध्ये. त्याआधी दोन कारखान्यांचे आटे एकमेकांना लागतील याची खात्री नसे. तुमच्या दुसऱ्या स्टँडला आजचा बाजारातला नट सहज चढत असेल तर मग काय समजायचं ते समजा.

बुडाचा आतला भागही बोलतो. लेथवरच्या हत्याराच्या गोल रेघा, त्यांवर सावकाश चढलेला तपकिरी रंग, आणि टेकतो तिथल्या किनारीलाच झीज, हे चांगलं लक्षण. वाळूचा दाणा तसाच उमटलेला आणि कोपऱ्याकोपऱ्यात सारखाच काळा रंग दिसला तर तो काळेपणा बाटलीतला असण्याची शक्यता जास्त.

शिक्का नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, अठराव्या शतकातलं बहुतेक पितळ बिनशिक्क्याचंच आहे. उलट शिक्का सापडला तर तो बहुतेकदा वय कमीच करतो. चौकट चिन्हाचा ब्रिटिश नोंदणी-शिक्का १८४२ ते १८८३ मधला, त्यापुढे १८८४ पासून नुसता नोंदणी क्रमांक. देशाचं नाव कोरलेलं असेल तर १८९१ नंतरचा काळ धरतात, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर ते सक्तीचं झालं.

कुणाकडे एक्स-रे फ्लुओरेसन्सचं यंत्र (वस्तू न कापता तिच्यात कोणता धातू किती ते सांगणारं) असेल तर जस्ताचं प्रमाण काढून घ्या. युरोपात जुनं पितळ तांबं आणि जस्ताचं खनिज एकत्र भाजून करत. त्या पद्धतीत जस्त साधारण तीस टक्क्यांच्या आतच राहतं. धातुरूप जस्त मिसळण्याचं पेटंट १७८१ चं. म्हणून ३५ टक्के जस्त निघालं तर 'सतरावं शतक' विसरा. हा नियम भारतीय पितळेला लावू नका. राजस्थानात झावरला जस्त गाळण्याची विद्या युरोपच्या कितीतरी आधी होती.

आता स्वच्छता. पितळेवर आम्ल तासन्‌तास राहिलं की जस्त आधी विरघळतं, आणि विरघळलेलं थोडं तांबं पुन्हा पृष्ठभागावर बसतं. तुमचा गुलाबी रंग तो. नुसता पापुद्रा असेल तर निघेल: बारीक खडूची पूड पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने घासा, पुसा, लगेच कोरडं करा. खाली खड्डे दिसले तर थांबा. ते घासून जात नाहीत, घासून फक्त मोठे होतात.

अमोनिया असलेलं पॉलिशही नको. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ठोकून-ताणून घडवलेल्या पितळेत उरलेला ताण, असं त्याचं कारण १९२१ मध्ये उलगडलं. तुमच्या स्टँडचं ठोकलेलं शेपूट नेमकं तशाच ताणातलं आहे.

वाटीभोवतीचं चिकट हिरवं बघून घाबरू नका. मेणातली आणि चरबीतली आम्लं तांब्याशी मिळून तो हिरवा साबण बनतो. व्हाइट स्पिरिटच्या (रंग पातळ करायच्या द्रावकाच्या) बोळ्याने निघतो (खिडकी उघडी, ज्योत लांब). कोरडी, फिकट हिरवी पूड असेल आणि पुसल्यावर पुन्हा उगवत असेल तर ते क्लोराइडचं दुखणं, म्हणजे क्षारामुळे आतून चालूच राहणारा गंज, ते जाणत्या संवर्धकाकडेच न्या. मेण काढायला हेअर ड्रायर आणि लाकडी काडी. गरम पाण्यात बुडवू नका, सांध्याच्या पोकळ दांड्यात शिरलेलं पाणी दिवसेंदिवस आत राहतं.

डुगडुग थांबवायला हातोडी नको, डाख तर अजिबात नको. डाखेचा करडा ओघळ पितळेत शिरला की निघत नाही. ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (संवर्धक वापरतात ती ॲक्रिलिक राळ) सांध्यात सोडा आणि दोन दिवस हलवू नका. उद्या कुणाला उघडायचं झालं तर ॲसिटोननेच सुटतं. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. लॅकर एका जागी फुटलं की तिथे तपकिरी डाग पडतो आणि सगळं उतरवावं लागतं. मेण हवं तेव्हा पुन्हा लावता येतं.

खाली प्रतिक्रियांत एकाने चांदीच्या स्टँडबद्दल विचारलंय. तांब्यावर चांदीचा पत्रा चिकटवलेलं शेफील्ड प्लेट १७४० च्या दशकातलं तंत्र, विजेचा मुलामा एल्किंग्टन या इंग्रज कारखानदाराच्या १८४० च्या पेटंटनंतरचा. पहिल्यात झिजलेल्या कडांना तांबं डोकावतं आणि पत्र्याचा सांधा सापडतो, दुसऱ्यात मुलामा सांध्यावरूनही सलग जातो. बूड कापडाने झाकलेलं असेल तर आत डांबर किंवा प्लास्टर भरलेलं समजा आणि उष्णता देऊ नका. मी एकदा असा स्टँड गरम पाण्यात ठेवला. दहा मिनिटांनी बेसिनमध्ये काळा ओघळ आणि हातात पापडासारखा पातळ पत्रा उरला.

तुम्हाला बफ करायचंच असेल तर लेकाला खुशाल करा. बापाला नको, त्या लेथच्या रेघा आणि सांधा एकदा घासले गेले की त्याचं वय सांगणारं काही उरणार नाही. आणि लेकाला हात लावण्याआधी त्याच्या बुडाचा आणि आट्यांचा जवळून फोटो टाका. माझं चुकत असेल तर तिथेच दिसेल.